मैनेचा शेवटचा परण्या

आक्का, काल गुलाबभाई बँडवाले येऊन गेले. परवा दुपारी त्यांनी तुम्हाला नेवाशात पाहिलं म्हणे. नवरदेवाला घोडीवर बसवून मारुतीच्या पाया पडायला नेत होते, परण्या निघाला होता, आणि घोडीचा लगाम धरून पुढं तुम्ही चालत होतात.

परवा तुम्हाला माती देऊन आठवा दिवस होता. गुलाबभाई लग्नसराईत महिना महिना गावोगाव असतात, त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. आले, नेहमीसारखे ओट्यावर टेकले, चहा मागितला आणि म्हणाले, "आक्का कुठं हायेत? काल दोनदा हाक मारली, वळून पायलं न्हाई त्यांनी. घोडी मातर वळली." मी विचारलं, कुठली घोडी? तर हसले. "कुठली म्हंजी? मैना. डावा कान फाटलेली दुसरी कोनती घोडी हाय आपल्याकडं?"

मी त्यांना तुमचं सांगितलं. कप हातातच राहिला त्यांच्या. मग तो हळूच खाली ठेवून, ऊन लागलं असंल मला, असं काहीतरी पुटपुटत चपला न घालताच फाटकापर्यंत गेले आणि तिथून परत चपला घ्यायला आले. मैनेचं मात्र मी सांगितलं नाही. ती नदीकडच्या आपल्या वावरात तीन वर्षांपूर्वी पुरलीय, हे तुम्ही, मी आणि जनावरांचे डॉक्टर सोडून कुणालाच ठाऊक नाही. कुणाला सांगायचं नाही असा शब्द तुम्ही माझ्याकडून घेतला होतात. तो मी पाळलाय. दुसरा एक शब्द दिला होता, तो मोडला. हे लिहायला बसलेय ते त्या दुसऱ्यासाठी.

मातीच्या वेळी पाळक साहेब तुमच्याबद्दल छान बोलले. भगिनी फार मृदू होत्या, मायाळू होत्या, म्हणाले. मला रडता रडता हसू आलं, बायकांना वाटलं हुंदका दाटला. मृदू म्हणे. नाताळाच्या आठवडाभर आधीपर्यंत बोकडाला नावानं हाक मारून पाला खाऊ घालणार आणि मग त्याच हातानं त्याचं दावं खाटकाच्या हातात देणार, अशा तुम्ही. मी चाळीस वर्षं दवाखान्यात सिस्टर म्हणून काढली, माणसं जाताना पाहिली, त्यांचे डोळे मिटले, आणि घरी कोंबडी कापायची म्हटलं की काहीतरी निमित्त काढून बाहेर जाऊन बसायचे. तुम्ही मला म्हणायचात, "परभा, तुझं काळीज म्हंजी निस्तं लोनी. पगार कसा दिला गं तुला सरकारनं?"

आपल्या सासऱ्यांचा टांगा होता. टांगे बंद पडले तेव्हा त्यांनी लग्नाची घोडी धरली, त्यांच्यामागं भाऊजींनी, आणि भाऊजी गेल्यावर तुम्ही. विधवा बाई नवरदेवापुढं कशी चालणार, असं आधी लोक कुजबुजले. आपल्यात तसं काही नसतं, पण परण्या सगळा त्यांचा. तुम्ही डोक्याला पांढरा रुमाल बांधलात, पायात कॅनव्हासचे बूट घातलेत आणि म्हणालात, "माझ्याकडं कशाला बघता, घोडीकडं बघा." आणि बघितलंच लोकांनी. कोल्हारपासून संगमनेरपर्यंत निम्म्या पोरांची लग्नं मैनेच्या पाठीवर लागली. बाळंत होऊन माहेरी आलेल्या पोरी लेकराला कडेवर घेऊन यायच्या, बघ, तुझे पप्पा हिच्यावर बसून आले होते. तुम्हाला त्याचंही कौतुक नव्हतं. घोडी ही घोडी, म्हणायचात. कामाची तोवर दावणीला.

पण रोज सकाळी तासभर खरारा करताना तुम्ही तिच्याशी जे बोलायचात ते मी माझ्या खिडकीतून ऐकलंय. कधी भावकीची भांडणं, कधी तुमच्या लेकाची, संजयच्या नोकरीची काळजी. भाऊजींच्या आजाराचं मला सांगायच्या आधी तुम्ही तिला सांगितलं होतंत. मी कधी तुमच्याजवळ हे काढलं नाही. काढलं असतं तर तुम्ही खरारा करायचा बंद केला असतात.

मग तिची खुरं गेली. आधी पुढचा एक पाय उचलून धरायला लागली, नंतर दोन्ही पायांवर भार घेईना. डॉक्टर म्हणाले, खुराच्या आतून मांस सुजतं, खूर सुटत जातं, ही आता बरी व्हायची नाही. नखाखाली सतत ठणका लागल्यासारखं असतं जनावराला. काही दिवस गोळ्या झाल्या, मऊ वाळू अंथरून झाली. उभं राहवेना म्हणून ती आडवी पडायला लागली आणि आडवी पडून पडून कुशीला जखमा झाल्या. त्या जखमा मी धुतल्या, बँडेज केलं, माणसाला करते तसं. आणि तुम्ही दारात उभ्या राहून बघत होतात. चौथ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "बास झालं आता. डॉक्टरला बोलव."

तेव्हा आपण भांडलो. जावा-जावा असून इतक्या वर्षांत आपण मोठ्यानं भांडलो ते तेवढंच. मी म्हणाले, काम नको करू दे तिला, राहू दे अशीच, मलाही पेन्शन मिळतेच की, मीही बसूनच खाते. मी घास आणते, मी शेण काढते, तुम्ही हात लावू नका. तुम्ही ऐकून घेतलंत सगळं. मग म्हणालात, "तुला तिचं दुखत न्हाई परभा. तुला तुझं दुखतंय." माझा संताप झाला. दोन दिवस मी तुमच्याकडं चहाला आले नाही. रोज चारला आपण चहा घ्यायचो, ते दोन दिवस मी माझ्या स्वयंपाकघरात एकटीनं घेतला आणि तो गोडच लागेना.

तिसऱ्या दिवशी तुम्ही मला बोलवायला आलात आणि तेव्हा ते सासऱ्यांचं सांगितलंत. लग्नाच्या घोडीचं मरण गावाला दाखवायचं नसतं. जितकी पोरं तिच्या पाठीवर बसून गेली त्या सगळ्यांच्या संसाराचा तो अपशकुन होतो, लोकांच्या मनात भरतं. म्हणून घोडी थकली की तिला पूर्ण सजवून, लग्नाला निघाल्यासारखी गावातून न्यायची आणि परत आणायची नाही. विचारलं तर सांगायचं, लांब पाहुण्यांकडं धाडली. सासऱ्यांनी त्यांची घोडी अशीच नेली होती, भाऊजींनी त्यांची. मी म्हणाले, आक्का, आपण ख्रिस्ती माणसं, आपल्याला कसला अपशकुन? आणि जिला उभं राहवत नाही तिला गावभर चालवणार? मग तुमचा तो हिशेबी स्वभाव कुठं गेला? इथंच करा, तबेल्यात. तुम्ही म्हणालात, "आपल्याला नसंल. ज्यांच्या पोरी नांदत्यात त्यांना हाय. माझ्या घोडीनं कुनाचं वाईट केलं असं कुनी म्हनू ने." डॉक्टरांनाही पटलं नव्हतं. पण तुम्ही त्यांना चहा दिलात, समोर बसलात आणि त्यांनी ऐकलं. तुमच्यापुढं कोण काय बोलणार होतं?

त्या दुपारी तुम्ही तिला आंघोळ घातलीत. झूल, गोंडे, गळ्यात कवड्यांची माळ, पायात चाळ. कुशीच्या जखमा झुलीखाली झाकल्या गेल्या. डॉक्टरांनी पुढच्या दोन्ही पायांत सुन्न करायचं इंजेक्शन दिलं, थोडं थांबले आणि मोटारसायकलवरून वावराकडं पुढं गेले. वावरात खड्डा तयार होता. जेसीबीवाल्याला तुम्ही शेणखताचा खड्डा म्हणून सांगितलं होतंत. मी यायचं नाही असं ठरवलं होतं आणि तरी मी मागं मागं चालत होते, हातात पिशवी, पिशवीत काय घेतलं होतं ते मला अजून आठवत नाही.

मैना उठली, आक्का. आठ दिवस उठली नव्हती ती उठली आणि चालायला लागली. लंगडणं नाही, अडखळणं नाही. गल्लीतल्या बाया बाहेर आल्या. एकीनं रीतीप्रमाणं तिच्या पायांवर तांब्याभर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं आणि विचारलं, "कुठलं लगीन, आक्का?" तुम्ही म्हणालात, "लांबचं हाय." आवाजात काही फरक नव्हता. देवळाच्या वळणावर, जिथं परण्या नेहमी थांबतो आणि बँड जोरात वाजतो, तिथं ती आपोआप थांबली. आणि नाचायला लागली.

वाजत काहीच नव्हतं. भर दुपार, रस्ता मोकळा, देवळाला कुलूप. नुसते तिच्या पायांतले चाळ आणि टापा, पुढचे पाय उचलून उचलून, मान वाकवून, कुणीतरी समोर वाजवतंय आणि आपल्यालाच ऐकू येत नाही अशी ती नाचत होती. ओट्यावरची एक म्हातारी डोक्यावर पदर घेऊन आत निघून गेली. मी तुमचा दंड धरला. म्हणाले, आक्का, बरी झालीय ती. बघा तरी. परत नेऊ. तुम्ही माझा हात काढलात. "दुखत न्हाई म्हनून नाचती. इंजेक्शन उतारल्यावर काय करशील?" मग तिला नाचू दिलंत. तिचं तिनं थांबेपर्यंत तुम्ही लगाम सैल धरून उभ्या होतात. आणि मग पुढं निघालात.

वावराच्या बांधावर तुम्ही मला थांबवलंत. "तू हितंच बस." मी बसले. नदीकडं तोंड करून बसले होते, प्रवरेला तेव्हा पाणी होतं. मागं एकदा चाळ वाजले आणि मग वाजले नाहीत. बऱ्याच वेळानं तुम्ही आलात तेव्हा झूल, गोंडे, माळ सगळं गोणीत भरून पाठीवर घेतलं होतं आणि रुमाल सुटून गळ्यात आला होता. घरी आल्यावर तुम्ही चहा केलात. चार वाजून गेले होते. तुम्ही रडला नाहीत आणि मी तुम्हाला मनातल्या मनात दगड म्हणाले. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही, आता सांगतेय. दगड म्हणाले मी तुम्हाला, आणि बरेच महिने म्हणत राहिले.

गावाला तुम्ही सांगितलंत, नेवाशाला भावाकडं धाडली, म्हातारी झाली आता. लोकांनी चेष्टा केली, आक्कांनी घोडीलाही माहेरी पाठवलं. आणि मग ते सुरू झालं. कुणी एसटीतून उतरायचं आणि म्हणायचं, आक्का, तुमची मैना पाहिली, संगमनेरला, मिरवणुकीत होती. मी समजूत घालून घेतली, पांढरी घोडी म्हणजे सगळ्या सारख्याच, झूल घातली की कोण ओळखतंय? पण पुढच्या उन्हाळ्यात गुलाबभाई आले. त्यांनी तिच्यापुढं वीस हंगाम तरी वाजवलं असेल. ते म्हणाले, नेवाशात एका गल्लीत भेटली, डावा कान फाटलेला, आणि नेहमीसारखं माझ्या खिशात तोंड घातलं, गुळासाठी. मी हातातली बशी खाली ठेवली. तुम्ही शांतपणे निवडत होतात ते तांदूळ निवडतच राहिलात.

"लंगडत न्हवती ना?" एवढंच विचारलंत.

"लंगडती कशाला? झ्याक नाचली की."

तुम्ही मान हलवलीत. त्या दिवसापासून मी लक्ष ठेवायला लागले. जो कोणी मैनेला पाहिल्याचं सांगेल त्याला तुम्ही हेच विचारायचात, आणि तो नाही म्हणाला की तुमच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी दवाखान्यात पाहिलंय, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसलेल्या माणसांना आतून निरोप आला की त्यांच्या तोंडावर येतं ते. तेव्हा कुठं मला कळलं की वावरातून आल्यावर तुम्ही रडला नाहीत म्हणजे काय. उशिरा कळलं. मला सगळं उशिराच कळतं.

मग तुमची किडनी गेली. पायांवर सूज आली तेव्हा मला आधीच समजलं होतं, तुम्हालाही समजलं असणार. डायलिसिस तुम्ही दोनदा करून घेतलंत आणि तिसऱ्यांदा नको म्हणालात. आपण ओट्यावर होतो. तुम्ही मला म्हणालात, "परभा, मला दवाखान्यात नेऊ नको. नळ्या घालू नको. घरात जाऊ दे मला. संजू पुन्याहून पळत यील, रडंल, त्याचं ऐकू नको. तू शिस्टर हायेस, तुझं ऐकतील लोकं. शब्द दे." मी म्हणाले, हो. लगेच म्हणाले. तुमचा हात हातात घेऊन म्हणाले आणि तेव्हा ते खरं होतं, आक्का. देवाशपथ खरं होतं.

त्या मंगळवारी दुपारी तुम्हाला धाप लागली. छातीत पाणी झालं होतं, ओठ काळेनिळे पडले. अशा वेळी काय करायचं ते मला येतं. डोकं उंच ठेवायचं, खिडकी उघडायची, ओठ ओले करायचे, स्तोत्र म्हणायचं, आणि बसायचं. चाळीस वर्षांत किती घरच्यांना मी हे सांगितलं असेल, बाई, आता त्यांना त्रास देऊ नका. माझ्या हातात मोबाईल होता आणि मी ॲम्ब्युलन्स बोलावली. तुम्ही डोळे उघडे ठेवून माझ्याकडं बघत होतात. बोलता येत नव्हतं, मान हलवत होतात, नाही, नाही. मी तुमच्याकडं पाठ करून पत्ता सांगितला.

सहा दिवस. घशात नळी, नाकात नळी, आणि तुम्ही हात वर नेऊन नळी ओढता म्हणून दोन्ही हात कॉटच्या दांड्याला बांधलेले. गाठ मी बघितली. बरोबर बांधली होती, मीच नव्या पोरींना शिकवायचे अशी, रक्त अडत नाही आणि सुटतही नाही. संजय आला, त्यानं रडून घेतलं आणि म्हणाला, काकू, मला काही कळत नाही, तुम्ही सांगाल तसं. डॉक्टर रोज विचारायचे, पुढं काय करायचं? मी रोज म्हणायचे, आजचा दिवस बघू.

भेटायची वेळ चार ते पाच होती. पहिल्याच दिवशी मी आत गेले आणि पायाशी उभी राहिले तर चादरीखाली तुमचा पाय हलला. उजवा, मग डावा. तिथली सिस्टर म्हणाली, युरिया वाढलाय, झटके येतात असे. मला हे पाठ आहे, मी तिच्या जन्माच्या आधीपासून बघत आलेय. युरियाचे झटके कसे येतात ते मला ठाऊक आहे. त्यांना ताल नसतो. तुमच्या पायांना होता. उजवा, डावा, मध्ये थोडं थांबून पुन्हा उजवा. शेजारच्या कॉटवरचं मशीन टुकटुक करत होतं, एसी चालू होता, दुसरा आवाज नव्हता. दुसऱ्या दिवशी मुद्दाम आधी येऊन काचेबाहेर थांबले. पाय निवांत होते. चार वाजले आणि चादर हलायला लागली. असं पाच दिवस झालं. मी कुणाला सांगितलं नाही, सांगणार काय?

सहाव्या दिवशी पाय हलले नाहीत. चार वाजले, सव्वाचार झाले. मी चादर बाजूला करून बघितलं, टाचांना काळे डाग पडले होते, कुशीला जखम झाली होती. तिथल्या पोरीनं कापूस आणला आणि मी सवयीनं तो तिच्या हातातून घेतला, जखम धुवायला लागले. धुता धुता वर बघितलं तर तुम्ही माझ्याकडं बघत होतात. रागावलेल्या दिसला असतात तर मला सोसलं असतं. तुम्ही नुसत्या वाट बघत होतात. मी कापूस ट्रेमध्ये टाकला, बाहेर आले आणि डॉक्टरांना म्हणाले, आम्ही घरी नेतो. संजयनं सही केली. नळ्या काढताना मी तुमचे हात धरले आणि गाठी मीच सोडल्या.

घरी तुमच्या कॉटवर, खिडकीजवळ ठेवलं. संजय पाळक साहेबांना आणायला गेला. घरात आपण दोघीच. दिवस मावळत होता, तुमचा श्वास लांब लांब झाला होता. मी तुमचा हात गच्च धरून बसले होते आणि माझं स्तोत्र मध्येच चुकत होतं. तेव्हा तुम्ही डोळे उघडलेत आणि घसा फाटल्यासारख्या आवाजात म्हणालात, "घोडीला पानी दाव."

मी म्हणाले, आक्का, घोडी कुठंय. तुम्ही पुन्हा तेच म्हणालात, जरा जोरानं, मी कामात चुकल्यावर म्हणायचात तशा. मी उठले. तबेल्यातली बादली तीन वर्षं पालथी होती, ती विसळली, भरली, दावणीपाशी नेऊन ठेवली. वेड्यासारखी दोन मिनिटं तिथं उभी राहिले. सुक्या शेणाचा वास होता, दुसरं काही नव्हतं. परत आले तेव्हा तुम्ही गेला होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादली रिकामी होती. मातीला आलेल्या माणसांनी हातपाय धुतले असतील. मी कुणाला विचारलं नाही. पण एक मला आता पक्कं वाटतं, तुम्ही भ्रमात नव्हतात. मी हात धरून बसले असते तर तुम्हाला निघता आलं नसतं, हे तुम्ही ओळखलंत आणि मला कामाला लावून बाहेर काढलंत. शेवटपर्यंत व्यवहारी.

आता जे सांगायचं ते सांगते. त्या मंगळवारी मी ॲम्ब्युलन्स बोलावली ती तुम्ही वाचाल म्हणून नव्हे. तुम्ही वाचणार नाही हे माझ्याइतकं त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. तुमचे ओठ काळे पडताना मला एकच दिसत होतं, उद्या चार वाजता मी या ओट्यावर एकटी बसलेय. एवढंच होतं, आक्का. त्यासाठी मी तुमचे हात सहा दिवस बांधून ठेवले आणि सगळ्यांना सांगत फिरले की माझा जीव आहे हो त्यांच्यावर. जीव होता, ते खोटं नाही. पण दुखणं तुमचं चालू होतं आणि मी माझ्या दुखण्यावर इलाज करत होते. मला माफ करा, असं म्हणायची माझी लायकी नाही. तरी म्हणते.

काल गुलाबभाई गेल्यावर संजय बॅग भरत होता. पुण्याला परत निघाला होता, मला म्हणाला, काकू, तुम्हीही चला, इथं एकट्या कशा राहणार? मी नाही म्हणाले. त्याला समोर बसवलं. सत्तरी उलटलीय, दमा आहे, कधीही काहीही होईल, तेव्हा आत्ताच सांगते, म्हणाले. मला दवाखान्यात नेऊ नकोस. नळ्या नकोत, हात बांधणं नको. तुझ्या आईचं काय केलं ते तू पाहिलंस, ते माझं करू नकोस. मला पोरबाळ नाही, जे आहे ते तूच आहेस, तू शब्द दे.

त्याचे डोळे भरले. माझे दोन्ही हात हातात घेतले त्यानं, आणि हो म्हणाला, आक्का. लगेच म्हणाला. जराही थांबला नाही.